चार देशांची एटीकेटी

सोम., १२ जाने.

कलम चौदा परत आलं. तिसऱ्यांदा. जर्मनीने लाल शाईत खरवडलंय, इटलीने हिरव्या. फिनलंडने खाली नुसतं "ठीक" लिहिलंय. काय ठीक ते लिहिलेलं नाही.

मास्टर्सची कल्पना कागदावर झकास आहे. पोरं चार सेमिस्टर चार देशांत काढणार. एक आमच्याकडे कार्डिफला, मग जर्मनी, इटली, फिनलंड, आणि शेवटी चौघांची मिळून एकच डिग्री. विषय नद्या आणि पाणी. दीड वर्ष मी विद्यापीठाच्या रजिस्ट्रीत बसून याचे नियम जुळवतेय. आमचे दोन क्रेडिट म्हणजे युरोपचा एक, हे सगळ्यांना मान्य आहे. एवढं एकच सगळ्यांना मान्य आहे.

आज बॉस ऱ्हियाननने दार लावून घेतलं. दार लावलं की वाईट बातमी. ३१ मार्चच्या आत करार मार्गी लागला नाही तर कोर्स गुंडाळणार. सांगितलं मात्र अगदी प्रेमाने, "विदुला लव्ह" वगैरे. कोर्स गुंडाळला की जुलैअखेर माझी पोस्ट जाते. पोस्ट गेली की व्हिसा. नवरा नितीन आणि लेक सई दोघेही माझ्याच व्हिसावर. कायमचा शिक्का मिळायला अजून सव्वा वर्ष आहे आणि सईची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, पुढच्या उन्हाळ्यात. कलम चौदा पडलं तर आमचं सगळं बाडबिस्तर पुण्याला.

घरी आले तर बाबा मंकी कॅप घालून रेडिएटरला टेकलेले. थर्मोस्टॅट एकवीसवर. मी एकोणीस केला. कपडे बदलून आले, परत एकवीस. आई गेल्यापासून ते एकटे पडलेत म्हणून मे महिन्यापर्यंत आणलंय. करायला काही नाही म्हणून थर्मोस्टॅट करतात.

गुरु., १५ जाने.

घरून काम. दहाला चार देशांची मीटिंग. नियम तपासायला आम्ही एक खोटी विद्यार्थिनी बनवली आहे, मारिया. तिला चारही देशांतून फिरवायचं आणि कुठे अडकते ते बघायचं.

आज मारियाला पाच मार्क दिले. फिनलंडची पिर्को म्हणाली, उत्कृष्ट. जर्मनीची उल्रिके म्हणाली, नापास. एकीकडे पाच म्हणजे शिखर, दुसरीकडे पाच म्हणजे तळ. इटलीचे प्रा. जानलुका म्हणाले, आमच्याकडे तिसांपैकी देतात, आणि पाच मार्क देणं हा विद्यार्थ्याचा अपमान आहे. मी म्हटलं, आमच्याकडे शंभरात सत्तर म्हणजे फर्स्ट. मागून कोणीतरी खिंकाळलं. बाबा. सोफ्यावर, कॅमेऱ्याच्या बाहेर. मी म्यूट दाबेपर्यंत उशीर झाला होता. उल्रिकेने विचारलं, तुमच्याकडे आणखी कोणी उपस्थित आहे का? मी म्हटलं, बॉयलर.

नंतर बाबा म्हणाले, सत्तरला फर्स्ट? मग उरलेले तीस कोणासाठी ठेवतात?

रवि., १८ जाने.

कौन्सिलचं बिन कॅलेंडर सापडेना. या आठवड्यात कुठली पिशवी बाहेर ठेवायची, पत्ता नाही. नितीनने अंदाजाने ठेवली ती अर्थात चुकीची. शेजारच्या ग्वेनने सांगितलं.

कॅलेंडर बाबांकडे निघालं. त्याच्या पाठीवर पट्टीने रेघा मारून, माझ्या टेबलावरचा मसुदा घेऊन, तक्ता केलाय. चार देश आडवे, मारिया उभी. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. रेघ अजून सरळ येते.

तक्ता बघून पहिल्यांदा मलाच कलम चौदा नीट दिसलं. मारिया एका देशात एका विषयात उडाली तर पुढच्या देशात जाऊ द्यायचं की नाही? जर्मनी म्हणते, आधी तो विषय सोडवा, तीनदा बसा हवं तर, मगच पुढे. इटलीत नापासच काय, पास झालेल्यालाही मार्क आवडले नाहीत तर नाकारून परत बसता येतं. फिनलंड म्हणतं, घाई काय आहे. आणि आम्ही: एकदाच रीसिट, तीही निकालाचं बोर्ड बसेल तेव्हा, आणि बोर्ड बसतं जूनमध्ये. म्हणजे जानेवारीत उडालेल्या मारियाने जूनपर्यंत कार्डिफ बेवर बसून बदकं मोजायची.

बाबा चष्मा कपाळावर घेऊन म्हणाले, "विदू, या पोरीचं वर्ष जातंय."

"बाबा, ती खरी नाहीये."

"ती नसेल. वर्ष खरं आहे ना?"

गुरु., २२ जाने.

आज डोकं उठलं. लिहून काढते, नाहीतर जेवण जायचं नाही.

पोळ्या करत होते. बाबा ओट्याशी येऊन म्हणाले, तुमचं ते चौदा नंबर सोपं आहे. एटीकेटी द्या. एखाद-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू द्यायचं, राहिलेले मागून सोडवायचे. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. एवढ्या शिकलेल्या चार देशांना दीड वर्षात सुचलं नाही?

माझी पोळी करपली. एटीकेटी! हे मला हे सांगतायत. एसवायला स्टॅट्समध्ये मला एटीकेटी लागली तेव्हा हा माणूस पंधरा दिवस माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. स्वतः परीक्षा विभागात, त्यामुळे गॅझेट माझ्या आधी त्यांच्या हातात. संध्याकाळी घरी येऊन पाकीट टेबलावर ठेवलं आणि आत गेले. आईच्या मार्फत निरोप. "तिला म्हणावं जेवून घे." दोन हातांच्या अंतरावर बसलेली मी. पंधरा दिवस.

म्हटलं, तुम्ही आणि एटीकेटीची शिफारस? बाबांनी करपलेली पोळी उचलून स्वतःच्या ताटात घेतली.

मंगळ., २७ जाने.

राग राग केला पण कल्पना वापरली. दुसरं काही सुचतच नव्हतं. क. १४ नव्याने लिहिलं: एका देशात दोनपर्यंत विषय राहिले तरी मारिया पुढच्या देशात जाईल, राहिलेले विषय वर्षाच्या आत सोडवेल, डिग्री त्यानंतरच. नेटकं झालं. साडेपाचला पाठवून दिलं आणि सईला स्विमिंगवरून आणायला पळाले.

गाडीत आठवलं. स्वतःच्या सोयीसाठी मी कलमाला मथळा दिला होता. तो बदलायचा राहिला. चार विद्यापीठांना, सोळा लोकांना, पक्क्या मसुद्यात गेलंय: "कलम १४. एटीकेटी."

गाडी चालवणाऱ्या नितीनला सांगितलं. नि. सिग्नलला हसायला लागला तो घरापर्यंत.

गुरु., २९ जाने.

पिर्को: "ठीक."

जानलुका: अखेर ब्रिटिशांनी काहीतरी माणुसकीचं आणलं. आम्हाला मान्य. विषय दोनऐवजी पाच करावेत.

उल्रिके: एटीकेटी या ब्रिटिश संकल्पनेचं पूर्ण रूप, कायदेशीर आधार आणि कधीपासून चालू आहे हे पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवावं.

ऱ्हियाननला खरं सांगायला तिच्या केबिनमध्ये गेले. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, एटीकेटी आपल्या नियमावलीतून शोधून काढलंस हे छान केलंस, मला कायम वाटायचं आपण ते पुरेसं वापरत नाही. आता या बाईला काय सांगू? "हो ना," म्हटलं आणि बाहेर आले. भित्री भागूबाई.

सोम., २ फेब्रु.

शनिवार-रविवार त्यातच गेले. शेवटी सकाळी ऱ्हियाननला सगळं सांगितलं. बाबा, पुणे, छत्तीस वर्षं, मथळा. ती म्हणाली, म्हणजे तिकडे हे इतकी वर्षं लाखो मुलांवर चालवून बघितलंय? म्हटलं, हो. मग आपल्याकडच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त तपासलेलं आहे की, ती म्हणाली. उल्रिकेला खरं तेच कळव. आणि वडिलांकडून एक नोट मिळेल का?

घरी येऊन बाबांना विचारलं. त्यांनी मंकी कॅप काढली. घरात, डिसेंबरपासून पहिल्यांदा.

गुरु., ५ फेब्रु.

टिपणी तयार. दोन दिवस घरात शांतता पाळायची होती. सईला मोबाइल आतल्या खोलीत. बाबांनी हाताने लिहिली, मी टाइप केली. विषय, संदर्भ, मग "माय व्ह्यूज आर ॲज अंडर." परिच्छेद १ ते ११, उपपरिच्छेद अ ते ऊ. मी "काइंडली डू द नीडफुल" काढून टाकलं. संध्याकाळी पाहिलं तर परत घातलेलं. थर्मोस्टॅटसारखंच.

शुक्र., ६ फेब्रु.

उल्रिकेचा फोन. चक्क फोन. म्हणाली, दीड वर्षात ब्रिटनकडून आलेला हा पहिला कागद ज्याला क्रमांक नीट घातलेत. टिपणी कराराला परिशिष्ट म्हणून जोडायची आहे, आणि तज्ज्ञांना पुढच्या मीटिंगला बोलवा.

बाबांना सांगितलं. "बघू, वेळ असला तर," म्हणाले. दिवसभर आवराआवर करत होते. माझ्या रिसेप्शनचा कोट सोबत आणलाय हे मला आज कळलं. भारतातून कार्डिफला सहा महिने राहायला येताना कोणी कोट आणि टाय का आणतं? म्हणे, असावा.

गुरु., १२ फेब्रु.

मीटिंग. बाबा दहाला पाच कमी असताना लॅपटॉपसमोर. वर कोट-टाय, खाली लोकरी पायजमा. उल्रिके म्हणाली, गुड मॉर्निंग, हेर डॉक्टर. बाबा म्हणाले, नो मॅडम, बीकॉम, सेकंड क्लास.

मला वाटलं होतं घाम फुटेल, पण माणूस रंगात आला. जानलुकांना पाच विषयांची सूट हवी होती. बाबांनी त्यांना आदराने विचारलं की सर, एकूण विषय किती? सहा, ते म्हणाले. मग सर सहावा तरी कशाला ठेवता? इटलीतून इतक्या जोरात हसू आलं की लॅपटॉपचा स्पीकर फाटला. दोनवर तोडगा निघाला. मारियाचं प्रकरण बाबांनी अथपासून इतिपर्यंत मांडलं, जर्मनीत उडाली, एटीकेटीवर इटलीला गेली, फिनलंडमधून जर्मनीचा पेपर दिला, सुटली. तिचं आडनाव आणि रोल नंबरही सांगितला. आम्ही कोणी ते दिले नव्हते.

मग उल्रिकेने विचारलं, या नियमाचा मूळ हेतू काय? बाबा इंग्रजीतच म्हणाले, पण मला मराठीतच ऐकू आलं: मॅडम, एका पेपरसाठी पोराने स्वतःला नापास समजू नये, एवढाच.

मिनिट्समध्ये शब्दशः घेतलं. घ्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले, आणि ते कौतुकाने नव्हे, सांगून ठेवते. चार देशांना कळवलं. मला कोणी कळवायचं?

शुक्र., २७ फेब्रु.

दुपारी घरात तुपाचा वास. बाबांनी शिरा केलाय. काय निमित्त म्हणून विचारलं तर म्हणे सईला मॅथ्सच्या टेस्टमध्ये तीन. जर्मनीत तीन म्हणजे चांगला पास! सई शेजारी बसून दोन वाट्या खाऊन चुकली होती. माझ्याकडे बघितलं नाही. "आजोबा, शिरा खूप छान झाली," म्हणून तिसरी घेतली.

इथे तीन म्हणजे नापास. नऊ सगळ्यात वर, चारला पास. रविवारपर्यंत राग साठवला.

रवि., १ मार्च

ग्वेन सकाळीच वेल्श केक्स आणि डॅफोडिल्स देऊन गेली, आज त्यांचा सेंट डेव्हिड्स डे. बाबांनी फूल कोटाला लावलं. एवढ्या शुभ मुहूर्तावर मी सईला धरलं. तीन मार्कांचं, खोटं बोलण्याचं, शिऱ्याचं, सगळं एकदम. माझा आवाज चढला. सई रडायला लागली. तिचं म्हणणं, "मी खोटं नाही बोलली. मी फक्त खाल्ला."

बाबा म्हणाले, "विदू, ओरडू नकोस तिला. मलाही लागली होती."

मला कळेना काय लागली.

एफवायला. इंग्रजीत. एटीकेटी. माझ्या आजोबांना कधीच कळू दिलं नाही, पोस्टमनला गल्लीच्या तोंडाशी गाठून मार्कशीट घेतली. पुढच्या वर्षी सोडवला विषय. मग परीक्षा विभागात नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात जुन्या रजिस्टरात जाऊन स्वतःचं नाव बघून आले. छत्तीस वर्षं ते रजिस्टर त्यांच्याच कपाटात होतं. आईलाही माहीत नव्हतं.

सई रडायची थांबून ऐकत होती. मी विचारलं, मग माझ्याशी पंधरा दिवस का नाही बोललात?

"घाबरलो गं. म्हटलं, माझंच आलं तुझ्यात. काय बोलावं सुचेना. एक दिवस गेला, दोन गेले, मग बोलायची लाज वाटायला लागली."

वीस वर्षं मी धरून बसले होते की या माणसाला माझी लाज वाटली. आता हे काय घेऊन बसू? उठून भांडी घासली. डिशवॉशर असताना.

गुरु., १९ मार्च

पाडवा. बाल्कनीत गुढी. ग्वेनने खालून विचारलं, हे कबुतरांसाठी का. नि.ने हो म्हणून सांगितलं, मेला आळशी. बाबांनी खाली जाऊन तिला पंधरा मिनिटं खरं सांगितलं. ती कडुनिंबाऐवजी काहीतरी म्हणून आले-लिंबाच्या गोळ्या देऊन गेली.

सह्या: आमची झाली. फिनलंडची झाली, सोबत पत्र नाही, काही नाही. जर्मनीची परवा झाली, उल्रिकेने स्कॅनबरोबर बाबांना स्वतंत्र अभिनंदन पाठवलंय, परिच्छेदांना क्रमांक घालून. राहिली इटली. जानलुका म्हणतात, मनाने आम्ही केव्हाच सही केली आहे. कागदावर कधी?

बाबा रोज सकाळी चहाच्या आधी विचारतात, इटली?

मंगळ., २४ मार्च

इटली? नाही.

शुक्र., २७ मार्च

जानलुकांचा ईमेल. सही कुलगुरू करणार, कुलगुरूंना सिनेटची मंजुरी लागते, सिनेटची बैठक ईस्टरनंतर होती ती पुढे गेली. बहुतेक जून. किंवा सप्टेंबर. खाली लिहिलंय, मारियाला आमचा नमस्कार.

नि. संध्याकाळी पुण्याच्या फ्लॅटच्या भाडेकरूंचं ॲग्रीमेंट कधी संपतं ते बघत होता. मला दिसू नये असा फोन तिरका धरून. दिसलं.

मंगळ., ३१ मार्च

चारला एचआरचं पत्र. ऑफिसात उघडलं नाही. बसमध्ये उघडलं नाही. घरी आले, सगळे टेबलाशी, सई क्लासला न जाता बसलेली. बाबांच्या हातात दिलं. निकाल वाचायची सवय त्यांना आहे, मला नाही.

त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, मागची बाजूही बघितली. मग मराठीत सांगितलं. तीन सह्या झाल्याने कोर्स रद्द करत नाही. विदुलाची पोस्ट एक वर्ष चालू ठेवतो. मात्र इटलीची सही ऑक्टोबरअखेर आली पाहिजे. नाही आली तर तिथून तीन महिन्यांची नोटीस.

पास का नापास तेच कळेना. शेवटी सई म्हणाली, "मम्मी, तुला एटीकेटी लागला."

नि. हसला आणि मग एकदम थांबला. मी टेबलावरच डोकं टेकलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बाबा उठून आत गेले. अगदी तेव्हासारखे. म्हटलं, झालं, आता पंधरा दिवस.

मग तुपाचा वास आला.

रवा ढवळत उभे होते, पाठ माझ्याकडे. मी जाऊन शेजारी उभी राहिले. बराच वेळ रवाच भाजत होते. "हा तेव्हाच करायला हवा होता मी," म्हणाले. दूध घातलं. वाफेने चष्म्यावर काही दिसत नव्हतं, तरी पुसला नाही.

साखर फार झाली होती. मी दोनदा घेतला.

बुध., १ एप्रिल

इटली? नाही.